फाइलमध्ये लिहितं कोण?

लिनक्सच्या टर्मिनलवरून फाइलमध्ये चार ओळी घालायच्या तर एडिटर उघडावाच लागतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. कॅट >> यादी << 'समाप्त' असं लिहून एंटर दाबा, हव्या तितक्या ओळी टाका आणि शेवटच्या ओळीवर नुसतं समाप्त लिहा. (प्रत्यक्षात कॅट रोमन लिपीत टाइप करायचं, एवढंच.) ही सोय १९७९च्या बोर्न शेलपासून आहे.

इथे 'ईओएफ' हाच शब्द लागतो, हाही गैरसमज. शब्द कोणताही चालतो, पण शेवटी तो ओळीवर एकटा हवा. त्याच्यापुढे चुकून एक स्पेस पडली तरी शेल आणखी ओळींची वाट पाहत बसतो. सुरुवातीच्या शब्दाभोवतीचं अवतरणचिन्हही शोभेचं नाही. ते नसेल तर मजकुरातल्या डॉलरचिन्हाला शेल व्हेरिएबल समजतो आणि तुमचा मजकूर परस्पर बदलतो.

सगळ्यात महाग पडणारा समज म्हणजे, फाइल कमांड उघडते. ती उघडतो शेल, आणि तेही कमांड सुरू होण्याआधी. >> असेल तर मजकूर शेवटी जोडला जातो. एकच > असेल तर फाइल आधी रिकामी होते. म्हणून सॉर्ट यादी > यादी असं लिहिलंत की सॉर्टच्या हाती कोरी फाइल येते. यादी गेली, आणि चूक झाल्याचा एक शब्दही पडद्यावर येत नाही. सेट -ओ नोक्लॉबर लावून ठेवलं, तर असलेल्या फाइलवर > चालवायला शेल नकार देतो. नवख्यांनी ते लावावंच, असं माझं मत.

'सुडो लावलं की कुठेही लिहिता येतं' हे याच गैरसमजाचं धाकटं भावंड. सुडो एको … >> /ईटीसी/होस्ट्स यात सुडोचा अधिकार एकोला मिळतो. फाइल उघडणारा शेल साधाच राहतो आणि परवानगी नाकारली जाते. त्यावर उपाय टी -ए: पाइपमधून मजकूर सुडो टी -ए /ईटीसी/होस्ट्स याच्याकडे सोडायचा. टी हे नाव प्लंबरच्या 'टी'वरूनच आलंय: आलेला मजकूर एकीकडे फाइलमध्ये, दुसरीकडे पडद्यावर. मात्र -ए विसरलात तर इथेही जुना मजकूर पुसला जातो.

एकोमध्ये \एन लिहिलं की नवी ओळ येतेच, असंही नाही. बॅश या शेलमध्ये -ई द्यावं लागतं, डॅश या शेलमध्ये नाही. प्रिंटएफ दोन्हीकडे सारखं वागतं, म्हणून तेच वापरावं.

जुन्या फाइलची शेवटची ओळ एंटरविना संपली असेल, तर तुमची पहिली ओळ तिलाच चिकटते. जोडण्याआधी टेलने शेवट बघा आणि सीपीने एक प्रत काढून ठेवा.