किरण कोठे पडू नये?

कर्करोगावरील किरणोपचारांचा विषय निघाला म्हणजे श्रोत्यांचा पहिला प्रश्न बहुधा यंत्राविषयी असतो : कोणते यंत्र चांगले? प्रश्न रास्त आहे, पण आमच्या मते तो अपुरा आहे. किरण रोगावर पडतो की नाही हे पाहावेच लागते; परंतु तो आणखी कशाकशावर पडतो, यावर रोग्याचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. नाकामागच्या कर्करोगाच्या उदाहरणावरून ही गोष्ट चांगली समजते.

नाकपुड्यांतून सरळ मागे गेले की पडजिभेच्या वर एक लहानशी पोकळी लागते. तिला नासाग्रसनी म्हणतात. तेथील कर्करोग महाराष्ट्रात विरळ आढळतो. नागालँड आणि दक्षिण चीन येथे त्याचे प्रमाण बरेच अधिक आहे. ही जागा कवटीच्या तळाला लागून आहे. जवळच मेंदू, मज्जारज्जू व डोळ्यांच्या नसा. दोन्ही बाजूंना कानांपुढच्या लाळग्रंथी. शस्त्रवैद्याची सुरी तेथे सहज पोचत नाही. सुदैवाने हा रोग किरणांना चांगली दाद देतो. म्हणून किरणोपचार हाच येथे मुख्य उपाय होय. रोग वाढलेला असल्यास जोडीला औषधेही देतात.

क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, आणि १९५१ साली कॅनडात कोबाल्टच्या यंत्राने रोग्यांवर उपचार होऊ लागले. कोबाल्टचे किरण खोलवर पोचत, ही मोठीच सोय झाली. तथापि जुन्या पद्धतीत चेहऱ्याच्या डाव्या व उजव्या बाजूंनी समोरासमोर झोत सोडत. दोन्ही लाळग्रंथी नेमक्या त्या झोतांच्या वाटेत येत. रोग बरा होई, पण तोंड कायमचे कोरडे पडे. भाकरीचा घास पाण्यावाचून उतरत नसे, दात किडत, रात्री झोपेतून उठून घसा ओला करावा लागे. जीव वाचलेल्या माणसाला रोजच्या जेवणाची अशी धास्ती वाटावी, हे काही लहान दुःख नव्हे.

पुढे सी. टी. स्कॅनच्या साह्याने गाठीचा आकार तिन्ही मितींत दिसू लागला आणि झोताला त्या आकाराची कड देता आली. त्यानंतरची पायरी म्हणजे तीव्रता कमीजास्त करून द्यावयाचा किरणोपचार. डॉक्टर त्याला ‘आय. एम. आर. टी.’ म्हणतात. आपल्या नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना यातला फरक सांगावयास नको. पाटाचे पाणी सोडले की वाफा भिजतो आणि बांधही भिजतो. ठिबकाने वेलीच्या मुळाशी मापाने पाणी पडते. या पद्धतीत अनेक दिशांनी झोत येतात आणि प्रत्येक झोताचे बारीक भाग करून कोठे किती मात्रा पडावी हे गणकयंत्र ठरविते. मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. गाठीला सुमारे ७० ग्रे मिळावेत आणि लाळग्रंथीला सरासरी २६ ग्रेपेक्षा कमी, असा बेत आखता येतो. एवढ्या मात्रेनंतर ग्रंथी हळूहळू सावरू शकते.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. टाटा स्मारक केंद्रातील डॉक्टरांनी डोके व मान या भागांतील कर्करोगाच्या ६० रोग्यांवर दोन्ही नव्या पद्धती ताडून पाहिल्या. त्यांचा २०१२ सालचा निष्कर्ष असा की, आय. एम. आर. टी. मिळालेल्या रोग्यांत लाळग्रंथींचा त्रास स्पष्टपणे कमी होता. रोग आटोक्यात ठेवण्यात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. नासाग्रसनीच्या बाबतीत चीनमध्ये ६१६ रोग्यांवर झालेली तुलना त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. तेथे जुन्या द्विमित पद्धतीने उपचार घेतलेल्यांपैकी शेकडा ६७, तर आय. एम. आर. टी. घेतलेल्यांपैकी शेकडा ८० रोगी पाच वर्षांनंतर हयात होते.

प्रोटॉनचा उपचार ही याच्याही पुढची पायरी. क्ष-किरण गाठीच्या पलीकडे निघून जातात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर आपली शक्ती टाकून थांबतो. खारघर येथे टाटा केंद्राची ही सोय आहे. पण हे उपचार महाग आहेत, आणि ते प्रत्येक रोग्याला हवेतच असे नाही.

यंत्र कितीही सूक्ष्म असले तरी गाठीची कड डॉक्टरालाच आखावी लागते. ती चुकली तर अचूक यंत्र अचूकपणे चुकीच्या जागी मारा करील. शिवाय उपचार आठवड्यातून पाच दिवस, असे सुमारे सात आठवडे चालतात. घरात लग्नकार्य निघाले म्हणून मध्येच आठवडाभर खंड पाडला, तर उरलेल्या रोगपेशींना वाढण्यास अवसर मिळतो.

म्हणून श्रोत्यांना आमचे सांगणे इतकेच. मानेत न दुखणारी गाठ आली, एकच कान बरेच दिवस दडे बसल्यासारखा राहिला, किंवा नाकातून वरचेवर रक्त येऊ लागले, तर घरगुती उपायांत महिने दवडू नयेत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवावे. आणि किरणोपचार ठरलाच, तर यंत्राचे नाव विचारून थांबू नये. लाळग्रंथींना किती मात्रा बसेल, दातांची तपासणी आधी करून घ्यावी काय, आणि उपचारांत खंड पडल्यास काय करावयाचे, हेही विचारावे. असे विचारण्यात डॉक्टरांचा अवमान होत नाही. उपचार संपल्यावर जेवायला बसावयाचे आहे ते रोग्यालाच.