काचेच्या बोटीला मराठवाड्याचं ऊन

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, कारण मांजरा धरण कोरडं पडलं होतं. अशा मुलखात कुणी मोटरबोट दुरुस्त करायला काढली, तर गाव हसेल. पण गोठ्याशेजारी वर्षानुवर्षं उलटी पडलेली घरची फायबरची बोट पुन्हा तरंगती करायची असेल, तर मराठवाड्याच्या उन्हाळ्याइतका चांगला मदतनीस क्वचितच मिळेल. या बोटीचा मोठा आजार म्हणजे तिच्या अंगात मुरलेलं पाणी.

फायबर म्हणजे खरोखरच काच. वितळलेली काच बारीक छिद्रांतून ओढली की केसाहून बारीक तंतू निघतात. पडली की फुटणारी काच बोटीचा भार पेलते कशी? याचं उत्तर १९२१ साली ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने मांडलं. काच मुळात दुबळी नाही. तिच्या अंगावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा तिला दगा देतात. तंतू जितका बारीक, तितकी मोठ्या चिरेला जागा कमी. म्हणून ताजा काचतंतू तितक्याच जाडीच्या साध्या पोलादी तारेपेक्षा कितीतरी जास्त ताण सोसतो. त्या तंतूंच्या चटया पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून साच्यात बसवल्या की बोटीचं अंग तयार होतं. १९४२ साली अमेरिकेतल्या टोलेडो शहरात रे ग्रीन यांनी अशी होडी बनवली आणि पुढे जगभर लाकडी होड्यांची जागा फायबरने घेतली.

रेझिन हवेने सुकत नाही. कॅटॅलिस्ट पडला की त्यातल्या सुट्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जखडल्या जातात आणि त्या जोडणीतून उष्णता बाहेर पडते. एकदा घट्ट झालेलं हे रेझिन पुन्हा वितळत नाही. म्हणूनच जुनी बोट वितळवून नवी ओतता येत नाही. तिला दुरुस्त तरी करायचं, नाहीतर कचऱ्यात टाकायचं.

आता आजाराकडे. बोटीच्या बाहेरच्या चकचकीत थराला जेलकोट म्हणतात. तो थेंबाला अडवतो, पण पाण्याचे सुटे रेणू त्यातून हळूहळू आत झिरपतात. आत रेझिनमधले काही घटक पाण्यात विरघळतात आणि दाट द्राव तयार होतो. कोरडी मनुका पाण्यात फुगते त्याच न्यायाने हा द्राव बाहेरचं आणखी पाणी ओढून घेतो, दाब वाढतो आणि तळावर फोड येतात. फोड फोडला की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. गंमत अशी की समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं पाणी हे फोड लवकर आणतं, कारण आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या दाटपणातला फरक तिथे जास्त असतो. पाणी कोमट असेल तर वेग आणखी वाढतो. त्यामुळे नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या जलाशयात बारमाही तरंगत ठेवलेल्या बोटीला गोदावरी अरबी समुद्रापेक्षा कडक परीक्षा घेते.

तपासणीला यंत्र लागत नाही. नाण्याने तळ ठोकत जायचं. चांगल्या जागी टणक आवाज येतो, थर सुटलेल्या जागी बोदा. इंजिन टांगतात ती मागची भिंत आतून बहुधा प्लायवूडची असते. तिला छोटं भोक पाडून भुसा पाहायचा. काळा, ओला भुसा आला तर लाकूड कुजलेलं आहे. तळाला प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवला आणि आतून दव धरलं, तर अंग अजून ओलं आहे.

यापुढची पायरी चक्रावून टाकते: बोट वाळवण्याआधी ती धुवायची. फोडांतला द्राव ओलावा धरून ठेवतो आणि नुसत्या उन्हाने जात नाही. फोड उघडून, गरम गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुवून तो काढावा लागतो. मग ऊन आणि कोरडा वारा आपलं काम करतात. थंड, दमट देशांत बोट वाळायला महिनोन्‌महिने जातात, हीटर लावावे लागतात. नांदेडच्या एप्रिल-मे महिन्यांत ही कोरडी उष्णता फुकट मिळते.

तेच ऊन रेझिनच्या कामात मात्र वैरी होतं. एक किलो रेझिनला साधारण १० ते २० मिलिलिटर कॅटॅलिस्ट लागतो, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ जवळपास निम्मा होतो. मे महिन्यात भर दुपारी कालवलेलं रेझिन डब्यातच गोठून धूर सोडू शकतं. म्हणून थोडंच कालवायचं आणि पसरट भांड्यात ठेवायचं, म्हणजे उष्णता साठत नाही. खराब जागा घासताना कडेचा उतार जाडीच्या बारापट लांब ठेवतात, म्हणजे नवा थर जुन्याला भरपूर जागेवर धरतो. काचेची धूळ फुफ्फुसात जाऊ नये म्हणून चांगला मास्क हवाच. कॅटॅलिस्ट डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्माही हवा. शिवाय कॅटॅलिस्ट कोबाल्टच्या ॲक्सिलरेटरमध्ये थेट कधीच मिसळायचा नाही. स्फोट होऊ शकतो.

जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन अधिक घट्ट बसतं. इपॉक्सीवर पॉलिएस्टर मात्र नीट धरत नाही. इपॉक्सी आणि काचतंतूंच्या जोडीवर किती विसंबता येतं, ते ‘म्हादेई’ने दाखवलं. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या या शिडाच्या नौकेत लाकडी गाभ्यावर हीच जोडी होती, आणि २०१० साली दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.

मराठवाड्यातल्या हौशी माणसाने कामाची वाटणीच ऋतूंवर सोपवावी. उन्हाळ्यात फोड उघडायचे, धुवायचं, वाळवायचं. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली इंजिन खोलायचं, कारण दमट हवेत रेझिनला हात लावू नये. रेझिनचं काम मार्गशीर्ष-पौषातल्या कोवळ्या उन्हात करायचं. तोवर नोंदणी, तपासणी आणि जलाशयाच्या परवानगीचे कागदही हाती घ्यावेत. इंजिनाच्या बोटींना २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे. पाऊस बरा झाला असेल, तर बोट तयार होईल तेव्हा जलाशयात तिला तरंगण्याइतकं पाणीही असेल.