दहा मिनिटांचे बोलणे, सात दिवसांचे काम

शाळेत प्रदर्शन जाहीर झाले की पुष्कळ घरांत काय चालते ते आपण जाणतोच. थर्माकोल येतो, रंगीत कागद येतो, मोठा भाऊ तक्ता लिहून देतो, आणि धाकट्याच्या हाती आदल्या रात्री पाठ करायचा कागद पडतो. दुसऱ्या दिवशी परीक्षकाने एक साधा प्रश्न विचारला की मूल गप्प. त्यात मुलाचा काय दोष? जे काम त्याने केलेच नाही त्याविषयी ते काय सांगणार?

शेतकऱ्यांच्या मुलांना स्वतःच्या कामाविषयी चारचौघांत बोलायला शिकवण्याची एक जुनी रीत अमेरिकेत आहे. तेथील मुलांच्या संघटनेचे नाव ‘फोर-एच’. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चारही गोष्टींच्या इंग्रजी शब्दांचे पहिले अक्षर एच, म्हणून हे नाव. १९०२ साली ओहायो राज्यातील क्लार्क परगण्यात ए. बी. ग्रॅहॅम या शाळा-अधीक्षकांनी मुलांची मंडळी जमवली. मका आणि भाजीपाला कसा लावावा हे त्यांनी शिकवले, लिटमस कागदाने शेतातली माती तपासायला लावली. फोर-एचची सुरुवात तेथून धरतात.

दक्षिणेकडील राज्यांत मुलांची मका-मंडळे निघाली. एकेक मुलगा एकेक एकर करी आणि पिकाचे माप देई. १९१० साली साउथ कॅरोलायनातील जेरी मूर या पंधरा वर्षांच्या मुलाने एका एकरात २२८ बुशेल मका काढला. आपल्या हिशेबाने जवळजवळ ५८ क्विंटल! त्याच साली त्याच राज्यात मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींचे टोमॅटो-मंडळ काढले. मुलींनी एक दशांश एकरात टोमॅटो पिकवायचे आणि डबाबंद करून टिकवायचे. सरकारी माणसाच्या व्याख्यानाकडे पाठ फिरवणारे वडीलधारे शेतकरी शेजारच्या पोराचे पीक मात्र पाहायला जात. १९१४ साली कायदा होऊन शेतकी महाविद्यालयांमार्फत विस्तारकार्य सुरू झाले आणि मुलांची ही मंडळे त्याला जोडली गेली.

या संघटनेत प्रात्यक्षिकाच्या स्पर्धा होतात. मूल परीक्षकांपुढे उभे राहून एखादे काम करून दाखवते आणि करता करता समजावून सांगते. वेळ साधारणपणे पाच ते पंधरा मिनिटे. नियम परगण्यागणिक थोडे बदलतात. पण आधी काम, मग बोलणे हा क्रम ठरलेला. मुलाने आपला प्रकल्प चालवायचा, नोंदवहीत तारीख, खर्च, माप लिहायचे, आणि त्यातूनच प्रात्यक्षिकाचा विषय निघायचा.

एक उदाहरण घेऊ. तेथील मका-मंडळांत बियाण्याची उगवण तपासण्याची एक सोपी रीत फार चालत असे. त्या गुंडाळीला ते ‘चिंध्यांची बाहुली’ म्हणत. ओल्या फडक्यावर दाणे ओळीने मांडायचे, फडके सैल गुंडाळायचे, दोन्ही टोकांना दोरा बांधायचा आणि उबदार जागी ठेवून ओल टिकवायची. पाणी निथळलेले हवे; साचले तर दाणे कुजतात. मक्याची गुंडाळी सातव्या दिवशी उलगडून धड कोंब व मुळे आलेले दाणे मोजायचे. शंभरांतले जितके उगवले तितके टक्के.

आता अडचण पाहा. कामाला सात दिवस आणि परीक्षकांपुढे मिनिटे दहा! तयारीची खरी कसोटी येथेच. मुलाला तीन गुंडाळ्या कराव्या लागतात: एक समोर बांधून दाखवायची, एक तीन दिवसांपूर्वीची, एक सात दिवसांपूर्वीची. म्हणजे आठवडाभर आधी कामाला लागणे आलेच. आदल्या रात्री वडिलांनी कितीही धावपळ केली तरी दाण्याला कोंब फुटणार नाही.

मार्गदर्शक बारीकसारीक गोष्टी शिकवतात, त्याही ऐकण्यासारख्या आहेत. भांडी काचेची घ्यावीत, म्हणजे आतले सर्वांना दिसते. पाटाखाली ओला टॉवेल घालावा, म्हणजे पाट सरकत नाही. सामान लागेल त्या क्रमाने मांडावे. डब्यावरील कंपनीचे नाव झाकावे. प्रात्यक्षिक ही जाहिरात नव्हे. हात कामात असताना तोंड बंद पडू नये. दोरा बांधायला वेळ लागतो, तेवढ्यात तो सैल का बांधायचा ते सांगावे. प्रश्न आला की तो मोठ्याने पुन्हा म्हणावा. सर्वांना ऐकू जातो आणि विचार करायला क्षणभर मिळतो. उत्तर येत नसेल तर “मला ठाऊक नाही, मी शोधून पाहीन” असे सरळ म्हणावे. भाषण शब्दशः पाठ करू देत नाहीत. पाठ केलेले मूल एक ओळ विसरले की सगळेच विसरते.

सरावाला मार्गदर्शक स्वतः अडाणी प्रेक्षक होऊन बसतो. “शंभरच दाणे का? दहा घेतले तर?” असे विचारतो. दहांत एक दाणा इकडेतिकडे झाला की दहा टक्क्यांचा फरक पडतो, हे मुलाला स्वतः सुचेपर्यंत तो थांबतो. तक्त्यावरची एखादी वाकडी ओळ तो तशीच राहू देतो. आईबापांना हे सर्वांत कठीण जाते.

निकालाची रीतही वेगळी आहे. पुष्कळ ठिकाणी प्रत्येक मुलाला ठरलेल्या कसोटीवर जोखतात. उत्तमाला निळी फीत, त्याखाली लाल, मग पांढरी. दहा मुले उत्तम असली तर दहांनाही निळी. पुढच्या पातळीसाठी निवड करायची तेव्हा मात्र चढाओढ असतेच. समजा, एखाद्या मुलाच्या गुंडाळीत शंभरांपैकी साठच दाणे उगवले. ते लपवून दुसरे बियाणे मांडण्याचा मोह मोठ्यांनाच आधी होतो. पण तोच साठचा आकडा घेऊन उभे राहिलेले मूल परीक्षकाला सांगू शकते, की नव्वद टक्के उगवणीच्या बियाण्याइतकीच रोपे हवी असतील तर हे बियाणे दीडपट लागेल, किंवा ते बदललेले बरे. घरच्या पेरणीच्या कामाचे बोलणे ते हेच.

हा विषय आपल्याकडच्या मुलांनाही सहज जमेल. फडके, दोरा आणि घरच्या कणगीतले शंभर दाणे, एवढेच सामान. दाणे निवडून घेऊ नयेत. मूठ घालून येतील तसे मोजावेत. आपल्या देशातील प्रमाणित बियाण्याला किमान उगवण मक्यात ९० टक्के (संकरित), भातात ८०, ज्वारीत ७५ आणि भुईमुगात ७० टक्के लागते. मुलाने आपला आकडा त्याशेजारी मांडावा. भाताला मक्यापेक्षा जास्त दिवस लागतात, चौदा दिवसांपर्यंत वाट पाहावी. ज्वारी व भुईमुगाला दहा. प्रदर्शनाची तारीख कळली की तेवढे दिवस मागे मोजून पहिली गुंडाळी बांधावी.