पराभूतांचे मासे, वाघ आणि वराह

कोल्हापूर जिल्ह्यातील नेसरी येथे सापडलेल्या, इसवी सन 805 मधील ताम्रपटात राष्ट्रकूट सम्राट तिसरा गोविंद याने जिंकलेल्या राजांची जी यादी येते, तीत खंडणीचे आकडे नाहीत. पांड्यांकडून मासा, पल्लवांकडून वृषभ, चोळांकडून वाघ, गंगांकडून हत्ती आणि चालुक्यांकडून वराह हिरावून घेतल्याचे मात्र अभिमानाने नोंदवलेले आहे. ही त्या त्या राजकुलांची लांछने, म्हणजे ध्वज, नाणी आणि राजमुद्रा यांवर उमटणारी अधिकृत चिन्हे होत. दानाचे ताम्रपट ज्या कडीत ओवले जात त्या कडीच्या सांध्यावर हीच मुद्रा असे आणि तिच्यावाचून दान प्रमाण ठरत नसे. म्हणून लांछन गमावणे याचा अर्थ, निदान प्रशस्तिकारांच्या लेखी, जमीन देण्याघेण्याचा अधिकारच गमावणे असा होता.

या चिन्हांत वराहाची कथा सर्वांत बोलकी आहे. प्रलयजलात बुडालेली पृथ्वी दातावर उचलून वर आणणारा विष्णूचा हा अवतार, राजा हा पृथ्वीचा पती मानला जाण्याच्या काळात, राज्यकर्त्यांना सोयीचा न वाटता तरच नवल. विदिशेजवळच्या उदयगिरी येथे गुप्तकाळात तो प्रचंड आकारात कोरला गेला, तर बदामीच्या तिसऱ्या लेण्यात, चालुक्य मंगलेशाच्या 578 मधील लेखाच्या साक्षीने, तो पुन्हा उभा राहिला. सहाव्या शतकात नव्यानेच उदयाला आलेल्या या घराण्याने आपले वराहलांछन प्रत्यक्ष नारायणाच्या कृपेने मिळाल्याचे ताम्रपटांतून सांगितले. जुनी वंशावळ सिद्ध करण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सोपा होता. आठव्या शतकाच्या मध्यास राष्ट्रकूटांनी चालुक्यांची सत्ता उलथवली, तेव्हा पहिल्या कृष्णाने महावराहाचे हरिण करून टाकले असा टोमणा त्यांच्या एका ताम्रपटात आला, आणि त्यांच्या स्वतःच्या मुद्रांवर बहुधा गरुड विराजमान झाला.

प्राणी पळवता येतात, तशा नद्याही. कृष्णाचा पुत्र ध्रुव याने उत्तरेतील स्वारीत गंगा आणि यमुना शत्रूंकडून घेतल्या, असे राष्ट्रकूट लेख म्हणतात. दोआबावर दख्खनचा कायमचा अंमल कधीच बसला नाही, तरी या नद्या सार्वभौमत्वाची चिन्हे म्हणून बिरुदावलीत आल्या. वेरूळच्या कैलास लेण्याच्या प्रांगणात गंगा, यमुना आणि सरस्वती यांचे स्वतंत्र दालन आहे, त्याकडे या दृष्टीनेही पाहता येते, मग त्याच्या कोरणीचा नेमका काळ कोणताही ठरो. अकराव्या शतकात राजेंद्र चोळाने तर गंगेचे पाणीच दक्षिणेत आणवून गंगैकोंडचोळपुरम् ही राजधानी वसवली आणि तेथील विशाल तलावाला त्याच्या प्रशस्तीत जलमय विजयस्तंभ म्हटले गेले.

प्रशस्तीतील लूट बहुतांशी शब्दांतलीच असे, हे मात्र विसरता येत नाही. 973 च्या सुमारास दुसऱ्या तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता संपवली, तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांच्या मुद्रांवर वराह परत आला. गोविंदाने हिरावलेला म्हणून सांगितलेला चोळांचा वाघही कुठे गेला नव्हता. राजेंद्राच्या राजमुद्रेवर तो बसलेला दिसतो आणि त्याच्यासोबत पांड्यांचे दोन मासे व चेरांचे धनुष्यही कोरलेले आहे.