चाकांवरचे घर आणि अण्णांची भीती

पूर्वी आपली कुटुंबे सम्मेदशिखरजी किंवा श्रवणबेळगोळच्या यात्रेस निघत, तेव्हा शिधा, पाणी गाळण्याचे वस्त्र आणि स्वयंपाकाची भांडी बरोबर असत. मुक्काम कोठेही पडो, नियमाचे अन्न सूर्यास्तापूर्वी तयार होई. परदेशप्रवासात मात्र हे साधणे कठीण जाते. अशा वेळी मोटरहोमचा पर्याय अनेकांना मोहात पाडतो. शेगडी, शीतकपाट, पाण्याची टाकी, बिछाने आणि शौचालय असलेले हे चाकांवरचे घर भाड्याने मिळते. सोय मोठी, पण ते चालवायचे कोणी, हा प्रश्न उरतोच.

सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्यापुढे हा प्रश्न वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी उभा राहिला. चिरंजीव नोकरीनिमित्त न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे स्थायिक. डिसेंबरात दक्षिण बेटावर पाच दिवस हिंडायचे ठरले. बरोबर ब्याऐंशी वर्षांच्या मातोश्री. त्यांचा रात्रिभोजनत्याग आणि कंदमूळत्याग पन्नास वर्षांचा. सर्व अंतर मुलाने एकट्याने कापणे सुरक्षित नव्हते आणि सूनबाईंकडे परवाना नव्हता. म्हणून करारात दुसरा चालक म्हणून वडिलांचे नाव घातले गेले. इंग्रजीतील वैध भारतीय परवाना तेथे पाहुण्यांना चालतो आणि वाहतूकही आपल्यासारखीच डाव्या बाजूने असते. कागदोपत्री अडचण नव्हती. अडचण मनात होती. शब्दावर लाखोंचा सौदा करणारे हे गृहस्थ सात मीटर लांब आणि तीन मीटरहून उंच वाहन पाहून गप्प झाले. आयुष्यभर त्यांनी छोटी मोटार गावातल्या गावात चालवली होती. लांबच्या प्रवासाला ड्रायव्हर असे. मनातली भीती त्यांनी कोणालाच सांगितली नाही.

मुलाच्या ते ध्यानात आले. रविवारी सकाळी तो त्यांना एका रिकाम्या वाहनतळावर घेऊन गेला. “अण्णा, आज रस्त्यावर जायचंच नाही. इथंच फिरवू,” असे म्हणून त्याने पाण्याने भरलेल्या बाटल्या खुणेसाठी मांडल्या.

पहिला धडा आरशांचा होता. मोटरहोममध्ये मधल्या आरशातून मागचा रस्ता नीट दिसत नाही. भिस्त दोन्ही बाजूंच्या मोठ्या आरशांवर आणि त्यांखालच्या लहान बहिर्गोल आरशांवर. दुसरा धडा वळणाचा. मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने न जाता वळणाच्या आतल्या बाजूस सरकतात. म्हणून नेहमीपेक्षा थोडे पुढे जाऊन मगच चक्र फिरवावे लागते. मागच्या चाकांमागे राहिलेला गाडीचा भाग त्याच वेळी उलट बाजूस बाहेर झुकतो, हेही विसरून चालत नाही. तिसरा धडा वजनाचा. काही टन वजनाचे घर मोटारीइतक्या लवकर थांबत नाही. पुढच्या वाहनापासून किमान चार सेकंदांचे अंतर राखावे, उतारावर खालचा गिअर घालावा. तेथे खुल्या रस्त्यावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा असली, तरी ३५०० किलोहून अधिक वजनाच्या वाहनांना ती ९० आहे. मागे वाहनांची रांग लागली, तर सुरक्षित जागा पाहून डावीकडे थांबावे आणि त्यांना पुढे जाऊ द्यावे. हा कमीपणा नव्हे, रस्त्यावरचे सौजन्य होय.

व्यापाऱ्याने करारही बारकाईने वाचला. विमा असला तरी नुकसानीची ठरावीक रक्कम भाडेकरूला भरावी लागते, आणि गाडीच्या छताचे किंवा तळाचे नुकसान अनेक करारांत विम्याबाहेर असते. त्यांनी गाडीची उंची मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून चक्राजवळ चिकटवली. निघण्यापूर्वी पाहण्याची यादीही त्यांनी केली: गॅसची टाकी बंद, विजेची तार काढलेली, छताची खिडकी मिटलेली, कपाटांच्या कड्या लावलेल्या. पेढीवर रोज रोजमेळ जुळवण्याची सवय येथे कामी आली.

प्रवास सुरू झाला. कँटरबरीच्या मैदानातून जाताना रकाया नदीवर सुमारे पावणेदोन किलोमीटर लांबीचा पूल लागतो. न्यूझीलंडमधला तो सर्वांत लांब रस्ता-पूल. समोरून येणाऱ्या मालमोटारीच्या वाऱ्याने उंच गाडी हलली आणि अण्णांचे तळहात घामेजले. वेग कमी करून, चक्र घट्ट न आवळता स्थिर धरून, त्यांनी पूल ओलांडला.

खरी कसोटी टेकापो तळ्याकाठच्या मुक्कामी लागली. घड्याळात सात वाजले होते. सांगलीत डिसेंबरात या वेळी अंधार पडलेला असतो. आईचे जेवण राहून जाईल, या धास्तीने अण्णांनी मुलाला खाली उतरू न देताच गाडी मागे घेतली आणि मागचा कोपरा लाकडी खांबाला घासला. कोणी काही बोलले नाही. मातोश्रींनी मात्र खिडकीबाहेर बोट दाखवले.

“अरे, तळ्यावर ऊन आहे अजून. इथं सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो, असं तूच सांगितलंस ना? मग घाई कुणासाठी केलीस?”

अण्णा काही क्षण तसेच बसून राहिले. मग मुलाकडे वळून म्हणाले, “मला मागं घ्यायची भीती वाटते. तू खाली उतरून उभा राहा.” तीन दिवस मनात दाबलेले वाक्य अखेर बाहेर पडले.

मुलगा आरशात दिसेल असा उभा राहिला. तो दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, एवढाच नियम ठरला. तीन प्रयत्नांत गाडी जागेवर बसली. मुगाची खिचडी उन्हातच झाली.

मुनिजनांच्या ईर्यासमितीत चार हात भूमी पाहून पाऊल टाकावयाचे असते. श्रावकाला तितके सूक्ष्म पालन शक्य नसले, तरी यत्नाचार म्हणा किंवा जयणा म्हणा, ती त्याच्याही वाट्याला आलेली आहे. नवशिक्याची भीती लपवली की तिची घाई होते आणि उघडपणे सांगितली की तिची सावधानता होते. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले आहे. उद्या हे चाकांवरचे घर आपल्याही दारी उभे राहील. तेव्हा घरातील कर्त्या माणसाला “जमेल ना?” असे विचारण्यापेक्षा “भीती वाटते का?” असे विचारणे अधिक उपयोगाचे ठरेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना अण्णांनी यादी पुन्हा वाचली. शेवटी एक ओळ पेन्सिलीने वाढवली होती: मागे घेताना एक माणूस खाली.