फाइल तीच, दिसणं वेगळं

वर्डमध्ये काम करता करता पानं एकाएकी एकमेकांना चिकटतात. वरचा समास नाही, पानाचा आकडा नाही. ऑफिसात असं झालं की पहिला संशय व्हायरसवर. प्रत्यक्षात दोन पानांमधल्या फटीवर चुकून डबल-क्लिक झालेलं असतं. तिथेच पुन्हा डबल-क्लिक करा, समास परत येतो. तशीच प्रिंट दिली असती तरी तो कागदावर बरोबर उमटला असता. फाइलला धक्काही लागलेला नव्हता.

‘व्ह्यू’ टॅबमधले रीड मोड, प्रिंट लेआउट, आउटलाइन, ड्राफ्ट हे एकाच मजकुराकडे बघण्याचे प्रकार. कल्पना जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत संगणक संशोधक डग्लस एंगेलबार्टने पडद्यावर बाजाराची यादी घेतली, ती गटवार लावली, मिटवली, उलगडली आणि मग नकाशावर मांडून दाखवली. त्या प्रात्यक्षिकातला माउस तेवढा लोकांच्या लक्षात राहिला.

आजही सर्वांत उपयोगी प्रकार आउटलाइन, आणि त्याच्याकडेच कुणी फिरकत नाही. मोठा अहवाल उघडा, कंट्रोल, ऑल्ट आणि ओ एकदम दाबा, ‘शो लेव्हल’ दोनवर ठेवा. मजकूर मिटून नुसते मथळे उरतात. मथळ्याआधीचं अधिकचं चिन्ह धरून वर ओढलं की त्याखालचं अख्खं प्रकरण तक्त्यांसकट सरकतं. कट-पेस्टच्या भानगडीत मधला परिच्छेद गळण्याची भीती नाही. अट एकच, मथळ्यांना ‘हेडिंग’ स्टाइल दिलेली हवी. आपण अक्षरं मोठी आणि ठळक करून मोकळे होतो. वर्डच्या लेखी तो साधा परिच्छेदच. मग आउटलाइनमध्ये काही दिसत नाही आणि ते बटण कायमचं विस्मरणात जातं.

ड्राफ्टमध्ये समास, हेडर दिसत नाहीत. सलग टायपिंगला बरा.

एक्सेलमध्ये मात्र जरा जपून. फ्रीझ केलेल्या ओळी असलेल्या शीटवर ‘पेज लेआउट’ निवडलं की फ्रीझ निघेल असा इशारा येतो. घाईत ओके दाबलं, तर ‘नॉर्मल’वर परतल्यावरही फ्रीझ पुन्हा करावं लागतं. ‘पेज ब्रेक प्रिव्ह्यू’मधली निळी रेघ ओढली, तर छापील पान खरोखरच बदलतं.

वर्डमध्ये ‘स्प्लिट’ केल्यावर खिडकीचे दोन भाग होतात. वरच्यात आउटलाइन, खालच्यात प्रिंट लेआउट ठेवता येतं. लांबलचक अहवाल तपासणाऱ्याने आधी हेच करावं.