नाक्यावर आवाज चढतो तेव्हा

आमचे एक जुने पेशंट आहेत. वय छप्पन्न, पंधरा वर्षांचा मधुमेह, दिवसातून दोन वेळा इन्सुलिन. नोकरी सातपूरच्या कारखान्यात. एके दिवशी सकाळचे इन्सुलिन त्यांनी नेहमीप्रमाणे घेतले, पण कामाच्या गडबडीत दुपारचा डबा तसाच राहिला. संध्याकाळी पत्नीला मागे बसवून स्कूटरवर घरी निघाले, तर वाटेत नाकाबंदी. पोलिसाने हात केला. यांनी गाडी थांबवली, पण वेडीवाकडी. लायसन्स मागितले तर खिसे चाचपत राहिले. जीभ जड झालेली, कपाळावर घाम. "काका, किती घेतलीय?" असे पोलिसाने विचारताच एरवी कोणाशी वर आवाजात न बोलणाऱ्या या गृहस्थांनी त्याचा हात झटकला.

पाच मिनिटांत वीस-पंचवीस माणसे जमली. कोणी म्हणाले, "टाइट आहे." कोणी मोबाइल वर धरला. एकाने गाडीची किल्ली काढून घेतली. पत्नी सांगत होत्या, "दादा, ते पीत नाहीत हो, साखर उतरलीय त्यांची," पण त्या गलक्यात ऐकतो कोण? शेवटी एका वयस्कर हवालदारांच्या कानावर 'साखर' हा शब्द पडला. त्यांना स्वतःला मधुमेह होता. त्यांनी समोरच्या टपरीवरून चांगला गोड चहा मागवला आणि तो घोट घोट पाजायला लावला. पाव तासाने आमचे पेशंट पत्नीला विचारत होते, "आपण इथे का थांबलोय?"

ही गोष्ट सांगायचे कारण असे की, रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, चिडचिड होते. आणखी उतरली की बोलणे अडखळते, चाल झुकते, विचार सुचत नाही. बघणाऱ्याला तो माणूस प्यायलेलाच वाटतो. उलट साखर फार वाढून रक्तात आम्ल साठले, तर श्वासाला फळासारखा गोडसर वास येतो आणि त्याचीही लोक दारूतच गणना करतात. फिट येऊन गेलेला माणूस पुढची काही मिनिटे भ्रमात असतो. त्याला दाबून धरले तर तो जोर लावतो, आणि तो मारायला उठला असा समज होतो. डोक्याला मार लागलेला असंबद्ध बोलतो. कानाने ऐकू न येणारा 'थांब' म्हटल्यावर थांबत नाही. यातला कोणीही गुन्हेगार नाही, पण रस्त्यावरच्या त्या दोन मिनिटांत ते कळायचे कसे?

शरीराचे गणित दोन्ही बाजूंना सारखेच असते, हेही लक्षात घ्या. धोका वाटला की ॲड्रिनॅलिन सुटते. छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, नजर एकाच ठिकाणी खिळते, कानावर पडलेले अर्धे शब्द आत शिरतच नाहीत. सकाळपासून उन्हात बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाचेही तेच होते. पोलिसांतही रक्तदाब आणि मधुमेहाचे रुग्ण असतात, त्यांचीही जेवणाची वेळ चुकते. अशी दोन तापलेली डोकी समोरासमोर आली की एका 'अरे'वरून प्रकरण कॉलरपर्यंत जाते. १५ ऑगस्ट २०२१ पासून शहरात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू झाले, तेव्हा पंपावरच्या पोरांशी लोक कसे हुज्जत घालत होते ते आठवून पाहा. आणि ज्यांच्या हृदयाच्या वाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्यांना रागाच्या भडक्यानंतरच्या दोन तासांत झटक्याचा धोका वाढलेला असतो. दोनशे-पाचशेच्या दंडापायी हा सौदा परवडणारा नाही.

मग करायचे काय? पहिली गोष्ट श्वासाची. मनात चार मोजत श्वास आत घ्यावा आणि सहा मोजत सावकाश सोडावा. सोडणे लांबले की नाडीचा वेग उतरतो. असे पाच-सहा श्वास पुरेत. मात्र हे नाक्यावर पहिल्यांदा करून जमत नाही, घरी सवय लागते. आवाज खालच्या पट्टीत ठेवावा, हात दिसू द्यावेत आणि एका वेळी एकच वाक्य बोलावे. आमच्या त्या पेशंटची कॉलेजात जाणारी मुलगी हुशार निघाली. ती रोज रात्री जेवणानंतर पोलीस होऊन वडिलांपुढे उभी राहायची, दरडावून लायसन्स मागायची आणि त्यांच्याकडून एवढेच वदवून घ्यायची, "साहेब, मला मधुमेह आहे. साखर उतरली असेल. कार्ड वरच्या खिशात आहे." पहिले चार दिवस घरात नुसता हशा पिकला. पुढे वाक्य तोंडात बसले. डोके चालेनासे झाले तरी जिभेला वळण लागलेले वाक्य बाहेर पडण्याची शक्यता अधिक असते, म्हणून हा खटाटोप.

कार्डावर नाव, आजार, औषध, घरचा फोन आणि 'मला तीन चमचे साखर द्या' इतके मराठीत मोठ्या अक्षरांत असावे. पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून थेट दवाखाना गाठावा. फिट आलेल्याला कांदा नाही, चप्पल नाही. इन्सुलिन घेणाऱ्याने गाडीला किक मारण्यापूर्वी साखर तपासावी, हे तर आम्ही सांगून थकलो.

थोडे कायद्याचेही सांगतो, कारण माहिती असली की भीती कमी होते. लायसन्स मोबाइलमधील डिजिलॉकरमध्ये दाखवले तरी चालते. अटक झालीच तर कारण सांगणे, नातेवाइकाला कळवणे आणि २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे बंधनकारक आहे. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी असली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच डी. के. बसू खटल्यात सांगितले. मनोरुग्ण रस्त्यावर भटकताना आढळला तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यावे लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तसे कलमच आहे. पण पोलिसाच्या अंगावर हात टाकला की हे सगळे बाजूला राहते. पूर्वी ज्याला लोक 'तीनशे त्रेपन्न' म्हणत, ते कलम आता नव्या संहितेत १३२ झाले आहे आणि ते अजामीनपात्र आहे. तक्रार करायची तर पट्टीवरचे नाव आणि वेळ लक्षात ठेवून दुसऱ्या दिवशी लेखी करावी.

जमावाची गोष्ट मात्र निराळी. तिथे वरिष्ठ नसतो आणि कायदाही कोणी ऐकत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. त्याच रात्री आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात, याच अफवेवरून पाच जण जमावाच्या तावडीत सापडले. त्यांत दोन वर्षांचे मूल होते. पोलिसांनी त्यांना जिवंत बाहेर काढले. त्या वेळी पोलीस हाच आधार होता, हे नाकाबंदीच्या रागात विसरून चालणार नाही.

जमावात आपण सापडलो तर वाद घालू नये आणि पळूही नये. पळणाऱ्यामागे गर्दी हटकून लागते. भिंतीकडे पाठ करून, शक्य तर एखाद्या दुकानात शिरून, जवळच्या एकाच माणसाकडे बघून बोलावे आणि ११२ लावायला सांगावे. आपण बघ्यांमध्ये असू तर मोबाइल शूटिंगसाठी न वापरता त्याच नंबरासाठी वापरावा. 'याला बरे नाही, जरा मागे सरा' असे एकाने मोठ्याने म्हटले तरी पुष्कळदा मागचे पाय मागे सरतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

२०२७ च्या सिंहस्थात गोदाघाट, पंचवटी, त्र्यंबकेश्वर येथे नाके आणि गर्दी दोन्ही असणार. घरात वृद्ध, फिटचा किंवा विसराळूपणाचा रुग्ण असेल तर त्याला एकट्याने पाठवू नये, गळ्यात कार्ड अडकवावे.

आमचे पेशंट सुरुवातीला खिशात गुळाचा खडा ठेवत. मुंग्या लागल्या आणि शर्ट वाया गेला. आता ते ग्लुकोजची पुडी प्लॅस्टिकच्या डबीत ठेवतात, आणि डबा दीडच्या ठोक्याला उघडतात.